महिपतरावांचा डावा पाय

महिपतरावांचं भलं व्हावं असं मला कधीच वाटलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला चांगुलपणा चिकटवणार नाही.

ते लासुर्ण्याचे. वय चौऱ्याहत्तर. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर पस्तीस वर्षं कारकून होते. आधी उसाच्या बैलगाड्या, मग ट्रॅक्टर, मग ट्रक, सगळ्यांची वजनं त्यांनी लिहिली आणि हंगामात रांगेत ताटकळणाऱ्या प्रत्येकाला सिगारेट दिली. काट्याच्या खिडकीत त्यांचं पाकीट कायम उघडं असायचं. माणूस दिलदार, बोलायला गोड. कुणाच्या मयताला सर्वांत आधी हजर, लग्नात पंगत वाढायला पुढे. महिपतीला गावात एकही वैरी नाही, असं लोक म्हणत. मी बारामतीत राहते, त्यामुळे गावाला ठाऊक नव्हतं.

माझे यजमान सर्जेराव त्याच काट्यावर त्यांचे जोडीदार होते. लग्न झालं तेव्हा यांना सुपारीसुद्धा चालत नव्हती. ४ डिसेंबर १९७६ च्या पानावर माझ्या वहीत एवढंच आहे: ‘आज यांच्या शर्टाला धुराचा वास. विचारलं तर म्हणाले, थंडी होती, महिपतीने आग्रह केला.’ त्यानंतर अडतीस वर्षांनी हे फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. तेराव्याला महिपतराव आले, लहान पोरासारखे रडले, आणि जेवण झाल्यावर मागच्या दारी पाण्याच्या टाकीआड जाऊन त्यांनी सिगारेट पेटवली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. थोटूक त्यांनी माझ्या कढीपत्त्याच्या आळ्यात विझवलं.

त्या दिवसापासून मी वाट पाहत होते. कशाची, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये सरकारी दवाखान्याच्या तंबाखूमुक्ती केंद्रातून फोन आला. बोलणारी मुलगी तिथली समुपदेशक होती, मेहरीन.

“आजी, लासुर्ण्याच्या महिपतरावांना ओळखता ना?”

“चांगलीच.”

तिने समजावून सांगितलं. महिपतरावांच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. धुराने पायाच्या रक्तवाहिन्या आकसल्या होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं: तंबाखू पूर्ण थांबली तर पाय वाचेल, नाहीतर गुडघ्याखालून कापावा लागेल.

“आम्ही पेशंटला एक विचारतो,” मेहरीन म्हणाली, “कुणाशी खोटं बोलायची तुम्हाला सगळ्यात जास्त लाज वाटेल? त्यांनी तुमचं नाव सांगितलं. रोज एक फोन करायचा, ओढली का विचारायचं, बस. कराल?”

मी लगेच हो म्हटलं. मेहरीनला वाटलं असेल, किती मायाळू बाई. माणूस आपण होऊन माझ्या हातात आला होता.

पहिल्या भेटीला मीही केंद्रात गेले. अंगठ्याला घासू नये म्हणून महिपतरावांनी चपलेचा पट्टा कापला होता. मेहरीनने त्यांना निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या दिल्या. “हळूहळू चावायची. तोंडात झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायची. गिळायची नाही.”

“म्हंजी तंबाखूवानीच की,” महिपतराव म्हणाले. “मग तंबाखूनं कुणाचं घोडं मारलंय?”

मेहरीनला हसू आलं. मग तिने बोट उगारून बजावलं, “आबा, ओढायची नाही, खायची नाही, मिश्रीसुद्धा लावायची नाही.”

“व्हय व्हय. पर सोडायचा दिवस जरा म्होरचा द्या. अमावस्या जाऊ दे.”

“अमावस्येला पाय सडायचा थांबतो का?” मी विचारलं.

सोमवार ठरला.

मी रोज सकाळी सहाला फोन करी. “ओढली?” “न्हाय.” एवढंच. पहिला आठवडा त्यांना फार जड गेला. सून प्रगती हिच्या अंगावर त्यांनी ताट भिरकावलं आणि मग तिच्यासमोर बसून रडले. खोकला वाढला, झोप उडाली.

“वैनी, डोकं फुटतंय वो.”

“फुटू द्या.”

ते काय काय दुखतं ते सांगत आणि मी तारखेसह लिहून घेई. यांचीही दुखणी मी अशीच लिहून घेतली होती. यांच्या वेळी अक्षर वेडंवाकडं येई. आता अक्षर सुरेख येत होतं.

तिसऱ्या आठवड्यात केंद्रात फेरी होती. तिथे फुंकर मारायचं एक यंत्र आहे. छातीत धूर गेला असेल तर त्यावर आकडा चढतो. महिपतरावांनी फुंकर मारली, आकडा अगदी खाली राहिला. मेहरीनने टाळ्या वाजवल्या. त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले, आणि तेव्हाच मला त्यांचा डावा तळहात दिसला. रेघांमध्ये चुना बसला होता. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख पिवळं झालं होतं.

सिगारेट सोडून हा माणूस तंबाखू मळत होता. यंत्राला फक्त धूर कळतो. मेहरीन शहरात वाढलेली पोर, तिचं हाताकडे लक्ष नव्हतं. माझं होतं.

मी बोलले नाही. एक शब्दही नाही. घरी आले, जेवले, बऱ्याच दिवसांनी दुपारी शांत झोपले.

पुढचे आठ दिवस मी रोज विचारलं, “ओढली?” ते म्हणाले, “न्हाय.” ते खरंच होतं. आठव्या दिवशी ते म्हणाले, “वैनी, अंगठ्याच्या शेजारचं बोट बी काळं पडलंय. डॉक्टर म्हनत्यात, समदं सोडूनबी असं कसं? पुढच्या गुरुवारी बघायचं, न्हायतर पाय काढायचा.”

“बरं,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

नवव्या दिवशी त्यांचा आवाज खोल गेला होता. “एक सांगू का वैनी? तुमी रोज इचारता, म्हनून माझं हे सुटलं बघा. सर्जाला तुमी एकदा जरी असं खडसावलं असतं ना, तर त्यानं ऐकलं असतं. लई भ्यायचा तुमाला.”

हे मला कोण सांगत होतं? ज्याने पाकीट पुढे केलं तो! मी कपाट उघडलं, जुन्या वह्या खाली ओढल्या. शर्टाला वास. उशीला वास. आज खोकला जास्त. अडतीस वर्षं मी वास लिहिला होता. ‘ओढू नका’ असं मी यांना तोंडाने म्हटल्याची एकही नोंद सापडली नाही. भांडण नको, घरात आवाज नको, म्हणून मी लिहीत राहिले. आणि ते हा माणूस मला शिकवणार!

मी वही पिशवीत टाकली आणि नऊची इंदापूर गाडी पकडली.

लासुर्ण्यात दूध संकलन केंद्रासमोर बाकडं आहे. महिपतराव तिथे तिघा म्हाताऱ्यांबरोबर पाय लांब करून बसले होते. प्रगती दुधाची किटली घेऊन आली होती. तिने मला पाहिलं आणि पदर सावरला.

“अगं बया, आत्या, तुमी?”

मी सरळ त्यांच्यासमोर उभी राहिले. “महिपतराव, डावा हात.”

“आँ?”

“हात दाखवा.”

शेजारचा म्हातारा खिदळला. “महिपती, शाळंत आलास जनू. छडी बसतीया आता.”

त्यांनी हात मागे नेला. मी मनगट धरलं आणि तळहात सगळ्यांपुढे उघडा केला. मग त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी काढून गटारात फेकली. प्रगतीच्या हातातली किटली डचमळली.

“वैनी, सिगरेट सोडायची ठरली हुती की,” ते पुटपुटले. “तंबाखू कोन ओढतंय?”

मग मी वही काढली आणि ४ डिसेंबरचं पान मोठ्याने वाचलं. टाकीआडची सिगारेट सांगितली, कढीपत्त्याचं आळं सांगितलं. “पहिली तुम्ही दिलीत. हे गेले तरी तुमची संपली नाही. आणि मला सांगता, मी खडसावलं नाही म्हणून!”

महिपतरावांनी गटाराकडे पाहिलं.

“तुमाला कवा कळलं, तंबाखूचं?”

“नऊ दिवस झाले.”

“आन् बोलला न्हाय?”

“नाही.”

“का?”

मी वही मिटली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे.

“पाय जावा म्हनून?”

“होय.”

प्रगतीच्या तोंडून “आई गं” असं निघालं. महिपतरावांनी मान हलवली, जणू काट्यावर वजन बरोबर भरलं होतं. मग त्यांनी बंडीच्या आत हात घातला आणि दुसरी पुडी काढून माझ्या हातावर ठेवली.

“मग ही बी घ्या,” ते म्हणाले.

तिथूनच मी मेहरीनला फोन लावला आणि सगळं सांगितलं. माझे नऊ दिवसही सांगितले. ती पोर म्हणाली, “आजी, आता रोज तुम्हा दोघांनाही मी फोन करणार.” तिने दोन महिने तो शब्द पाळला. गोळ्यांची मात्रा बदलली, प्रगतीला काय बघायचं ते शिकवलं, महिपतरावांना तलफ आली की बाकड्यावरून उठून गोठ्यात जायची सवय लावली. शिवाय दर फेरीला ती आधी त्यांचे तळहात पाहू लागली.

दोन बोटं गेली. पाय राहिला.

या गोष्टीला वर्ष उलटून गेलं. केंद्राच्या कागदावर महिपतराव ‘मुक्त’ आहेत. परवा प्रगतीच्या स्कूटीवर बसून ते आले, शेतातली डाळिंबं घेऊन. पायरी चढताना जरासे लंगडले, पण स्वतःच्या पायांनी चढले. चहा झाल्यावर म्हणाले, “वैनी, माफ केलं का मला?”

“नाही.”

“मी तर तुमाला केलं.”

“तो तुमचा प्रश्न.”

ते हसले. मला हसू आलं नाही. डाळिंबं गोड होती, ते मी कबूल केलं.

जाताना दारात थांबून म्हणाले, “केंद्रवाली बाई म्हनती, आता रोज फोन करायची गरज न्हाय. तुमी मातर रोज करता. पहाटं उठावं लागतं वो. अजून किती दिस?”

“अडतीस वर्षं,” मी म्हटलं.

त्यांनी बोटांवर वयाचा हिशेब केला. एकशे बारा भरले. मग प्रगतीच्या मागे बसून गेले.

आज सकाळी सहाला दुसऱ्याच घंटेला त्यांनी फोन उचलला.

“ओढली?”

“न्हाय.”

“मळली?”

“न्हाय वो वैनी, न्हाय.”

लिहून ठेवलं.