मास्तरांनी हार्ड डिस्कला कुंकू लावलं त्याची गोष्ट

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलंच पाहिजे, कारण उद्या दसरा आहे आणि मास्तरांचा फोन आत्ताच येऊन गेला. "बाय, सकाळी येतो गं. हळदकुंकू मी आणतो, तू फक्त झेंडू बघ." मी "हो हो" म्हटलं आणि फोन ठेवल्याठेवल्या हसत सुटले. गेल्या दसऱ्याला याच हळदकुंकवाने माझी झोप उडवलेली आणि मास्तरांना अजून त्यातलं काहीच माहीत नाही!

तर मी माजिवड्याला एका डीटीपीच्या दुकानात टायपिंग करते. मास्तर बाळकुमचे, कोळी, शाळेतून रिटायर झालेले. त्यांना त्यांच्या बोलीतल्या शब्दांचं पुस्तक काढायचंय. जाळ्यांचे शब्द, चिखलाचे, वाऱ्याचे, उधाणाचे. पण डोळ्यांत काचबिंदू, लिहिता येत नाही. म्हणून गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून रोज दुपारी तीनला येऊन माझ्या बाजूला बसायचे, ते बोलायचे आणि मी टायपायचे. कागदावर एक ओळ नाही. अर्धे शब्द त्यांच्या मोठ्या भावाचे, ते पण सोबत यायचे. ते त्याच वर्षी श्रावणात गेले. म्हणजे परत विचारायचं तर कोणाला? जे काय होतं ते त्या हार्ड डिस्कमध्ये.

कॉपी? केलेली ना! दुसरा फोल्डर करून. त्याच डिस्कवर. हसू नका.

आता डिस्क बाहेर का होती ते सांगते. छापखान्यात चित्रांची पानं न्यायची तर फ्लॉपीत मावायची नाहीत, मग मी अख्खी डिस्कच काढून, नॅपकिनमध्ये गुंडाळून, डब्याच्या पिशवीतून न्यायचे. सारखं काढ-घाल कोण करणार! म्हणून कॅबिनेट कायम उघडं आणि डिस्क बाजूला पेपरवर उताणी, हिरवं सर्किट वर. मास्तरांनी एकदा विचारलेलं, "माझे शब्द यात राहतात कुठे?" मी त्यांचं बोट धरून डिस्कवर टेकवलेलं. "हे इथे."

झालं. दसऱ्याला मास्तरांनी मॉनिटर सोडला, कीबोर्ड सोडला आणि हाताने चाचपत थेट तिलाच ओलं हळदकुंकू लावलं. दिसत कमी, त्यामुळे चांगलं थबथबीत.

"आमच्यात होडीला लावतात ना, तसं," ते म्हणाले. "जी आपलं सगळं वाहून नेते तिला पहिलं."

अक्षता टाकल्या, मला आपट्याची पानं दिली, "सोन्यासारखी राहा" म्हणाले आणि गेले. कुंकू ओलं आहे हे मला दिसत होतं हो. पण पूजेचं कुंकू पुसतात का कधी? आमच्या घरी आई शिलाई मशीनवरचं कुंकूसुद्धा आपोआप जाईपर्यंत ठेवते. आणि पूजा झाली की मशीन एकदा चालवायचं असतं. मी स्विच दाबला.

चट्! आणि जळका वास.

स्क्रीनवर आलं की हार्ड डिस्कच नाहीये. केबल बदलली. पॉवरची पिन बदलली. डिस्कवर हात ठेवला, एरवी मांजरासारखी घुरघुरते, आता गार दगड. मग स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन कुंकू घासून काढलं (देवा, माफ कर). सर्किटवरच्या काळ्या आयसींच्या पायांमध्ये पिवळा-लाल चिखल अडकलेला, तो टाचणीने काढला. परत स्विच. काहीच नाही. एका आयसीच्या मधोमध बारीक फोड आलेला दिसला.

मास्तरांना फोन केला, "लाइट नाहीयेत, उद्यापण नसतील," आणि मी गेले शहाडला. तिथे एक टीव्ही रिपेअरवाले काका आहेत, बाबांच्या ओळखीचे. त्यांनी चष्मा वर केला, डिस्कचा वास घेऊन पाहिला.

"काय गं, हिला हळद कोणी लावली? लग्न होतं का हिचं?"

"काका, प्लीज!"

"बरं, नवरा कुठाय?"

मी रडकुंडीलाच आलेले. मग त्यांनी मीटर काढला, एक टोक इथे, एक टोक तिथे. मीटर पीं करून ओरडला.

"शॉर्ट आहे. मोटर फिरवणारी आयसी उडाली. म्हणून फिरत नाही."

"आणि आतलं?"

"आतल्या तबकड्यांना काय धाड भरलीय? त्या बंद डबीत आहेत. पण ही आयसी मला बाजारात मिळायची नाही. अशीच दुसरी डिस्क आण, तिचं सर्किट काढून हिला लावू. अशीच म्हणजे अशीच, नंबरासकट."

अशीच दुसरी कुठून आणू? घरी डोंबिवलीला आले, जेवायला बसले, आई म्हणाली, "पंखा कमी कर, पेपर उडतायत." पेपर! अहो, दुकानात पेपर उडू नयेत म्हणून आम्ही काय ठेवतो? डिस्क! दोन मशीनच्या दोन डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, त्यातली एक आतून खडखडायला लागली म्हणून वर्षभर पेपरवेट. तिचं आतलं खराब, पण सर्किट ठणठणीत असणार! मी भात टाकून उठले, आईने जो काय उद्धार केला तो इथे लिहीत नाही.

सकाळी दुकानात जाऊन दोन्ही डिस्क शेजारी ठेवल्या. नंबर सेम टू सेम! तशीच शहाडला. काकांनी चार स्क्रू काढले, सर्किट उचललं, दुसरं बसवलं. त्यांच्याकडे एक जुना कम्प्युटर होता त्याला जोडली.

"आता कर तुझ्या देवाचा धावा," म्हणाले आणि स्विच दाबला.

घूंऽऽ.

आईशप्पथ, तो आवाज! मी फाइल उघडली. पहिलीच ओळ, निवट्या, खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. आणि खाली मास्तरांच्या भावाने सांगितलेली गंमत, जशीच्या तशी. मी हसत होते की रडत होते माहीत नाही, काका म्हणाले, "नाक पूस, कीबोर्ड भिजेल, अजून एक रिपेअर नको."

आधी दोन फ्लॉप्या भरल्या. एक दुकानात, एक आईच्या कपाटात साड्यांखाली. तिसऱ्या दिवशी मास्तर आले, डिस्कवर हात ठेवला, ती घुरघुरत होती. म्हणाले, "बघ, पूजा लागली." मी "हो मास्तर" म्हणून कीबोर्ड पुढे ओढला.

पण आता सांगणार आहे. पुस्तक छापून आलंय, त्यांच्या हातात आहे, आता भ्यायचं काय? डिस्क कॅबिनेटमध्ये स्क्रू मारून बंद आहे. आणि ते जळकं सर्किट मी फेकलं नाहीये, एका पाटावर ठेवलंय. उद्या त्यांचं बोट त्यावरच टेकवून म्हणणार, मास्तर, इथे लावा, हवं तेवढं ओलं लावा, आणि मग सगळं सांगणार.

तुमच्याकडे झालंय का हो असं कधी, पूजा केली आणि मशीनच बसलं?