दगडावरचा ‘एकमेव उगम’

फेब्रुवारी २०१७ : डहाणूच्या नावाचा उगम दगडावर कोरण्याचा ठराव. जबाबदार, नामफलक समितीचे अध्यक्ष. एप्रिल २०१७ : सुनावणी. जबाबदार, तेच अध्यक्ष आणि इतिवृत्त लिहिणारे सचिव. जानेवारी २०१८ : अनावरण. जबाबदार, समोर बसून टाळ्या वाजवणारा प्रत्येक जण.

धेनूंचे गाव म्हणून डहाणू, ही कथा मी शाळेपासून ऐकत आलो; तिच्यावर माझी हरकत नव्हती. गुजराती शेजारी ‘दहाणू’ म्हणत, त्यावरूनही कधी वाद झाला नाही. हरकत होती दगडाच्या मसुद्यात त्या कथेला जोडलेल्या ‘एकमेव उगम’ या शब्दांना. तलासरीकडच्या पाड्यांवर वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचे चित्र, रेखला की धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाण्यातून गावोगावचे देव बोलावते. त्या गाण्यात आमच्या गावाला तिथल्या देवावरून पडलेले निराळेच, जुने नाव आहे, असे मला समजले होते. मी लेखी हरकत घेतली. पुरावा आणा, असे उत्तर आले.

माझ्या विनंतीवरून एक वृद्ध धवलेरी सुनावणीस आली. अध्यक्षांनी तिच्या हाती माइक दिला. तिने तो टेबलावर ठेवला.

“चौक नाय, मांडव नाय. देवाला कोणाच्या दारात बोलावू?”

“आजी, गाणे राहू द्या. नुसते नाव सांगा,” सचिव म्हणाले. मागे कोणी तरी हसले.

“नाव घेतला का देव येतो. मग त्याला बसवाल कुठं, तुमच्या खुर्चीत?”

अध्यक्षांनी घड्याळ पाहिले आणि सचिवांना सांगितले, “लिहा, पुरावा नाही.”

मे महिन्यात मात्र तिचा निरोप आला. पाड्यावर लग्न होते. तांदळाच्या पिठाचा चौक अजून ओला होता. ती गाऊ लागली आणि ते नाव मी स्वच्छ ऐकले. गाणे संपल्यावर तिने मला बजावले, “ऐकलास ना, भाऊ? लिहू नको.”

मी ते लिहिलेले नाही. येथेही लिहिणार नाही. पुढच्या लग्नाला समितीने स्वतः येऊन ऐकावे, अशी पत्रे मात्र पाठवली. पोचही आली नाही. दगड उभा राहिला, ‘एकमेव’सह.

अध्यक्ष महाशय, जेथे ते नाव उच्चारता येत नाही तेथे तिच्या हाती माइक देऊन, आणि जेथे ते उच्चारले जाते तेथे पाऊल न टाकता, ‘पुरावा नाही’ हा निष्कर्ष आपण कोणत्या अधिकाराने काढलात? उत्तर मला टपालाने नको. त्या दगडापाशी उभे राहून, तिच्यासमोर, भर बाजाराच्या दिवशी द्या.