वहिनीची पायरी

वैजूदादाची आणि माझी शेवटची भेट मांजरसुंब्याच्या फाट्यावर झाली. त्याला केजहून औरंगाबादच्या दवाखान्यात नेणारी जीप तिथं चहाला थांबणार होती, म्हणून मी बीडहून जाऊन उभी राहिले. माझा हा थोरला भाऊ मागच्या सीटवर घडी घालून ठेवल्यासारखा दिसत होता. त्यानं आपल्या कॉम्प्युटर क्लासची एकुलती एक किल्ली माझ्या हातात दिली. "समदं भंगारात घाल. कोपऱ्यातला जुना तेवढा न्हाई. सुमनची तिथी आली की पायरी चढव."

"तूच चढव की येऊन," मी म्हटलं.

"बाई, किल्ली ठेव," एवढंच बोलला. नवव्या दिवशी फोन आला...

केजमध्ये कॉम्प्युटर बघायलासुद्धा माणसं यायची, त्या काळात दादानं कापड दुकानावरच्या खोलीत क्लास काढला. चपला बाहेर, खिडक्यांना पडदे, आत हिरव्या अक्षरांची एकुलती एक मशीन. दुपारी क्लास सुटला की सुमनवहिनी डबा घेऊन यायची आणि खेळत बसायची. एक ठेंगणी बाई कंदील घेऊन बुरुजाचा जिना चढते, वरून दगड सुटतात, उडी चुकली की एक जीव गेला, असा तो खेळ. वहिनी त्यात तरबेज. "मास्तर, तुमच्यानं दोन पायऱ्या हुईनात, पोरांना काय शिकवता?" असं ती दादाला सगळ्यांसमोर विचारायची.

खंडेनवमीला क्लासमधली पूजा मी मांडली. कळफलकाला हळदकुंकू वाहिलं, मशीनच्या पडद्याला हार घातला. खेळाच्या मूळ फ्लॉपीला मधे एक फट होती, आतली काळी चकती तिथून उघडी दिसायची. मला तीच जागा योग्य वाटली. चांगलं ठसठशीत कुंकू लावलं.

"अगं बये, मारलीस की तिला!" दादा ओरडला. वहिनी मात्र पोट धरून हसली.

फ्लॉपी गेली, ती गेलीच. खेळ आता फक्त त्या मशीनच्या पोटात उरला. पुढं वहिनी काविळीनं गेली, तेव्हा तिची कंदीलवाली अर्ध्या जिन्यात होती आणि तिचा एकच जीव शिल्लक होता. ती पडली तर कुठवर चढली याची नोंद खेळ पुसून टाकायचा. रंगीत पडद्यांच्या मशीन आल्या, जुनी कोपऱ्यात गेली, पण दादानं ती विकली नाही. दरवर्षी वहिनीच्या तिथीला, नैवेद्य दाखवून झाला की एक पायरी चढवायची आणि नोंद करून बंद करायचं. एकच. मी त्याला वेड्यात काढायचे, पण दरवर्षी जायचे. त्याचं बोट कळीवर टेकलं की मीही पुढं वाकून वरचे दगड बघायचे. गेल्या वर्षी वहिनीच्या माघारी नववी पायरी झाली. बुरुजाच्या भिंतीतल्या कोनाड्याला खेटून कंदीलवाली बसली होती. कळीला हात लावला नाही की ती आपोआप बसायची.

दादा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिथी आली. भर दुपारी एकटीनं क्लास उघडला. धूळ तशीच, माझ्या पावलांशिवाय एकही ठसा नाही. मशीन लावली, नोंद उघडली. कोनाडा खाली राहिला होता. ती दहाव्या पायरीवर बसली होती.

मी पायऱ्या तीनदा मोजल्या. मी शाळेत विज्ञान शिकवते. आजारी माणूस पुढची कामं उरकून ठेवतो, तसं दादानं जीपमध्ये बसण्याआधी हेही उरकलं असेल, असं मी स्वतःला बजावलं. मग मला 'पायरी चढव' असं तो कशाला म्हणाला? नोंदीची तारीख पाहिली. त्या मशीनची बॅटरी कधीच संपलेली, त्यामुळं तिच्यात प्रत्येक दिवस एक जानेवारीच असतो... पडद्यावरची ती उठली, वर बघितलं आणि पुन्हा बसली. हे ती पूर्वीही करायची का, ते आठवेना. मी कळीला हात न लावता मशीन बंद केली.

बाकीचं भंगारात घातलं. ती एक मशीन टेम्पोत घालून बीडला आणली, पोरींच्या वह्या तपासते त्या खोलीत ठेवली. वर चादर घातली आहे.

"हे धूड कावून आणलं?" नवऱ्यानं विचारलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "अकरावी पायरी माझ्याकडं आहे."