बदललेला पत्ता

टीममध्ये नव्याने आलेल्या मेघनाने माझ्यासमोर सर्व्हरवरचे सगळे कंटेनर, म्हणजे प्रोग्राम चालवणारे वेगवेगळे कप्पे, बंद करून पुन्हा चालू केले, आणि डेटाबेसच्या पत्त्याचा शेवटचा आकडा बदललेला दिसला. दोनाचा चार.

"बघा सर, पत्ता कधीही बदलतो. अ‍ॅप्लिकेशनला डेटाबेसचं नाव सांगायचं, पत्ता नेटवर्क शोधून देतं. इथे कुणा शहाण्यानं आकडाच लिहून ठेवलाय, पत्ता बदलला की सगळं बंद! त्या आधीच्या माणसाचं काम ना?"

आधीचा माणूस म्हणजे सतीश. गेल्या वर्षी यंत्रणा ऐन कामात बंद पडली, ती त्याच्यामुळे, असं मी साहेबांना सांगितलं. त्याची नोकरी गेली. आकडा मी लिहिला होता, हे मला ठाऊक होतं. चूक त्यातच असेल का, हे तपासायचं मी टाळलं. पुढे ऑफिसात त्याचं नावही कुणी घेईना. माणूस नाहीसा व्हायला एवढंही पुरतं.

"सतीशचं नाही," मी म्हणालो. "माझं आहे ते."

तिचं हसू थांबलं. "साहेबांना माहीत आहे?"

"नाही. आत्ता सांगतो. पण तूही चल. एकटा गेलो, तर दारातून परत येईन मी."