दोष ग्रहणाचा नव्हता

सांताक्रूझ विमानतळावर मला पोचवायला कराडहून अकरा माणसं आली होती. वडील माझा खांदा दाबून म्हणाले, "एकटाच मोठा होऊ नकोस. वसंताला ओढून घे." वसंता माझा चुलतभाऊ. मी त्याला ओढून घेतलं. दीड वर्षात तो आणि त्याची बायको सुमन कॅनडात हॅमिल्टनला माझ्या बेसमेंटमध्ये राहत होते, आणि वसंता माझ्याच कारखान्यात पिंपं भरत होता.

तुम्ही सगळे, कराडचे आणि इथले, मला शेतीचं औषध बनवणारे दादा म्हणत आलात. आता पुरे. ते तणनाशक होतं, पण ती पिंपं शेतांवर जात नव्हती. ती अमेरिकी सैन्याकडे जायची आणि तिथून व्हिएतनामला, विमानांतून जंगलांवर आणि उभ्या भातावर फवारायला. मी लॅबमध्ये होतो. मिश्रण जास्त तापलं की त्यात एक भयंकर विष तयार होतं, हे मला ठाऊक होतं. सैन्याला माल लवकर हवा होता, म्हणून जास्त तापवत. मी साहेबाला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो हसून म्हणाला, "यू वाँट टू गो होम?" माल ठीक असल्याच्या कागदावर मी सही केली. पुढेही करत राहिलो. तिथे त्या मातीत ते विष अजून आहे, आणि नातवंडांच्या पिढीतही अधू मुलं जन्माला येताहेत.

वसंता कामाच्याच कपड्यांत घरी यायचा. लॉन्ड्रोमॅटला पैसे कशाला घालवायचे, म्हणून सुमन ते कपडे बाथटबमध्ये हातांनी घासायची. तिला दिवस गेले होते. वरच्या मजल्यापर्यंत वास यायचा आणि मी तो ओळखायचो.

मीरा जन्मली ती पाठीचा कणा उघडा घेऊन. माझ्या आईचं पत्र आलं, "सुमनने ग्रहणात कात्री हातात धरली असणार." सुमन शिवणाच्या कारखान्यात होती, तेव्हा कात्री धरली होतीच. पंचांगातलं ते ग्रहण कॅनडात दिसलंसुद्धा नव्हतं. तरी सगळ्यांनी मान डोलावली. सुमननेही. मी केमिस्ट, आणि ते पत्र मीच मोठ्याने वाचून दाखवलं होतं. मीराचं त्या विषामुळेच झालं, असं शपथेवर आजही सांगता येणार नाही. पण संशय मला त्याच दिवशी आला होता, आणि तो मी गिळला. पुढे वसंता रक्ताच्या कॅन्सरने गेला. तेव्हाही गिळला.

अलीकडे हॅमिल्टनवर खग्रास ग्रहण लागलं. लोक काळे चष्मे लावून रस्त्यावर नाचत होते. सुमन पडदे ओढून आत बसली होती. मीरा व्हीलचेअर दारापर्यंत आणून म्हणाली, "काका, टेल हर इट्स जस्ट अ शॅडो. आय गिव्ह अप."

मी आत गेलो आणि सगळं सांगितलं. पिंपं, सही, बाथटब.

सुमन म्हणाली, "सासूबाई इथे येऊन राहिल्या, पण मरेपर्यंत माझ्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत, भाऊजी. तुम्ही तेव्हा समोर बसून जेवत होतात."

"चुकलं माझं."

"मला काय सांगता? मला माहीत होतं मी काही केलं नाही. नंतर तेही माहीत नाहीसं झालं." तिने दार उघडून धरलं. "लिहा. मराठीत लिहा. तिकडे वाचतील असं. आणि औषध म्हणू नका."

म्हणून हे लिहिलं. कराडहून फोन येतात, "दादा, तुमची खोली झाडून ठेवलीय, या एकदा." त्याच घरात सुमन लग्न होऊन आली होती, आणि मीराला तर त्या घराने पाहिलंही नाही. पन्नास वर्षांत त्या दोघींना कुणी या म्हटलेलं नाही. हे वाचून झालं की आधी सुमनला फोन करा आणि तिची माफी मागा. ती नाही म्हणेल. तिला तो हक्क आहे. पण तिला विचारल्याशिवाय मला बोलावू नका. तोवर मी त्या घरात पाय ठेवणार नाही.