चुकायला काकू हव्यात

मीटरकाकांना रस्ता चुकता येत नसे. उभा जन्म घरोघर विजेच्या मीटरचे आकडे टिपण्यात गेलेला. कुठल्या गल्लीतला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला न भुंकता कार्यभाग उरकतो, हेसुद्धा त्यांना पाठ. निवृत्त झाल्यावर ते सायकल मंडळात शिरले. शहराबाहेरच्या सायकलवाटांवरची झुडपं छाटायची, खड्डे बुजवायचे आणि वळणावर बाणाच्या पाट्या लावायच्या, हे मंडळाचं काम. पगार शून्य, त्यामुळे भांडणं भरपूर.

काकांनी पाट्या लावलेली पहिली वाट कुणालाच सापडली नाही. जिथे पाटी हवी तिथे ती काकांना अनावश्यक वाटे, आणि लोक नेमके तिथेच भलतीकडे जात. मंडळाच्या अध्यक्षा दातांच्या डॉक्टर. त्या म्हणाल्या, की वाट पाठ असलेल्या माणसानं पाट्या लावणं म्हणजे पोट भरलेल्या माणसानं पाहुण्यांसाठी भाताचा अंदाज घेणं.

तेव्हा काकांनी घरातलं रत्न बाहेर काढलं. काकू. दुकानातून बाहेर पडल्या की काकू हमखास उलट दिशेला वळायच्या, आणि तेही अशा ठसक्यात, की सोबतचा माणूस स्वतःवरच शंका घेई. लग्न झाल्याझाल्या त्या एकदा शेजाऱ्यांच्या घरात शिरून, चप्पल काढून, चहाचं आधण ठेवून मोकळ्या झाल्या होत्या.

मग पद्धत ठरली. काकूंची सायकल पुढे, काकांची मागे, काकांच्या तोंडाला कुलूप. काकू जिथे चुकतील तिथे काका खडूनं फुली मारायचे. दुसऱ्या दिवशी त्या फुलीपाशी पाटी. सुरुवातीला काकू फणफणल्या. "अहो, माझ्या वेंधळेपणाची गावभर जाहिरात करताय." पण एकदा एक परकी बाई पाटी वाचून बेधडक वळली, तेव्हा काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. त्या दिवसापासून त्या मन लावून चुकू लागल्या. मंडळातले लोक म्हणत, पाट्या काय कुणीही लावेल, चुकायला काकू हव्यात.

कालव्याकाठच्या नव्या वाटेचं काम निम्म्यावर आलं होतं. साधा ताप म्हणून काकूंना इस्पितळात नेलं. तिथून काका एकटेच परत आले.

वाट पंपघराच्या फाट्याशी थांबली ती थांबलीच. रंग वाळला नाही, पाना सापडत नाही, गुडघा धरलाय, अशी कारणं काका देत राहिले. मंडळानंही ऐकून घेतली. पण फाट्याच्या पुढे लोक भरकटायला लागले. एक म्हातारं जोडपं अंधार पडेपर्यंत गोदामांमागे फिरत होतं. शेवटी डॉक्टरबाई घरी आल्या. म्हणाल्या, गावात नवीन आलेली एक बाई आहे, वाट तिला ठाऊक नाही, तिला पुढे घालू.

काकांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "ती तिच्या पद्धतीनं चुकेल. ही वाट हिची आहे."

"मग तुम्ही चुका, काका," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "काकूंसारखं चुका. पण लोकांना अर्ध्यात सोडू नका."

दुसऱ्या दिवशी काका फाट्यावर उभे राहिले. खरी वाट उजवीकडे, पुलाच्या चढावर. पाय आपसूक तिकडेच वळले. काका सायकलवरून उतरले, परत मागे आले. चढ दिसला की ती वाट आपली नव्हेच, असं काकूंचं शास्त्र. सावली आणि उतार दिसला की घर आलंच. त्यांनी डावीकडे हँडल वळवलं. उतार थेट गोदामाच्या भिंतीला जाऊन भिडला. काका परत वर आले, फुली मारली.

दुपारपर्यंत त्यांना चुकणं जमू लागलं. "इकडूनच असणार," असं काकूंच्या सुरात पुटपुटत ते चुकीच्या गल्ल्यांत शिरत होते. एका गल्लीत भिंतीपाशी थांबून त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता मागे वळून ते कुणाला तरी सांगायला गेले.

पाट्या लावायच्या दिवशी शेवटचा फाटा उरला. डावीकडे गर्द सावलीचा लांबलचक उतार. इथे तर काकू डोळे मिटून गेल्या असत्या. काकांनी पाटी खांबाला टेकवली आणि हात थांबला. मघापासून आपण काय करतोय ते त्यांना तेव्हा कळलं. काकू जिथून जिथून गेल्या असत्या, ती एकेक वाट ते बंद करत आले होते.

पाटी खांबापाशी ठेवून ते सायकलवर बसले आणि त्या उतारानं खाली गेले. ब्रेक लावला नाही. खाली वाट काटेरी कुंपणाशी संपत होती. तिथे सायकल आडवी टाकून ते बसले, आणि इस्पितळातून आल्यापासून जे आलं नव्हतं ते रडू आलं.

मग सायकल हातात धरून ते चढ चढले. गुडघा खरंच दुखत होता. वर येऊन त्यांनी पाटी उचलली, बाण उजवीकडे केला आणि बोल्ट आवळायला घेतला. बोल्ट घट्ट झाला, तरी ते पाना फिरवत राहिले.