मांडीवरचं हिरवं चक्र

यंदा नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होण्याआधीच मी देवाशी अबोला धरला होता. तसा तो सगळ्यांशीच होता, पण तो नाइलाजाने. अकोल्याला माझ्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधीच निघाली, पण पंधरा दिवस तोंड उघडायचं नाही अशी ताकीद मिळाली. मी पाटीवर लिहू लागले. यजमान म्हणायचे, लग्नानंतर पहिल्यांदाच घरात एवढी शांतता आहे. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी हळूहळू बोलायला सांगितलं. प्रार्थनेला बसून ‘प्रभू’ म्हणायला गेले, तर पत्रा घासल्यासारखा आवाज निघाला. त्यानंतर महिनाभर मी पुन्हा तोंड उघडलंच नाही. चर्चच्या मंडळीत वीस वर्षं गीत सुरू करणारी बाई मी. तोच आवाज त्याने काढून घेतला, तर आता हाक तरी कशाने मारायची? राग होता, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती होती.

अमरावतीच्या आमच्या छोट्या मंडळीत नाताळाआधीच्या चार रविवारी हिरव्या पानांच्या चक्रावर एकेक मेणबत्ती लावतात. पहिली आशेची. जिने चक्र बांधलं, तिनेच ती लावायची आणि वाट पाहण्याचं गीत सुरू करायचं, अशी आमची रीत. चक्र दरवर्षी माझ्याकडेच असतं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओल्या काड्या वाकवून त्यावर मी अशोकाची पानं गुंफते. यंदाही गुंफली, पण मनाशी ठरवलं होतं की चर्चच्या दारात ते पाळकांच्या हातात द्यायचं आणि आल्या पावली परत फिरायचं.

रविवारी सकाळी दर्यापूरहून अमरावतीच्या जीपमध्ये बसले. चक्र मांडीवर, मेणबत्त्या पिशवीत. शेजारी एक पांढऱ्या लुगड्यातली आजी होती, अगदी अनोळखी. तिने चक्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“कोन गेलं वं माय?”

मी नुसती नकाराची मान हलवली. पण तेवढ्यात माझे डोळे भरून आले आणि आजीने समजायचं ते समजून घेतलं. असलं चक्र तिने मयताला वाहतानाच पाहिलं असणार. तिने ड्रायव्हरला गाणी बंद करायला लावली, मला खिडकीशी सरकवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं. सगळी जीप गप्प झाली. समोरच्या एका गृहस्थांनी तर टोपी काढून हातात घेतली. पाटी घरी राहिलेली, त्यामुळे समजावून सांगायची सोय नाही. आजी माझा हात कुरवाळत म्हणाली, “अशी मुकी नको राहू, बाई. बोलल्याबिगर मन हलकं होत नाई.”

तिचेही डोळे ओले झाले होते. प्रभूच्या जन्माची वाट पाहायला मी हे चक्र बांधलं होतं; ते पाहून ही माउली कुणा न मेलेल्यासाठी रडत होती, आणि ते मला बघवेना.

“कोनी गेलं नाई, आजी,” मी म्हणाले. “येनार हाये.”

आवाज खरखरीत होता, पण शब्द सगळ्या जीपला ऐकू गेले. मी स्वतःच दचकले. आजीने मला नीट निरखून पाहिलं आणि हात सोडला.

“मंग काहून रडून राहिली? हासत जा न त्याले घ्याले.”

गाणी पुन्हा सुरू झाली. टोपीवाल्यांनी टोपी घातली. मी पदरात तोंड लपवून हसत होते आणि रडतही होते. आजी वलगावला उतरली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी चर्चच्या दारातून परत फिरले नाही. आशेची मेणबत्ती लावली आणि गीत सुरू केलं. सूर इतका खाली लागला की पेटीवाल्या भाऊंना दोनदा पट्टी बदलावी लागली. मंडळी मात्र बिनतक्रार माझ्याबरोबर खाली उतरली. माझा जुना आवाज अजून परतलेला नाही. तो मागणंही मी आता सोडलं आहे, कारण काय परत द्यायचं हे ठरवणारी मी नव्हे. ‘येणार आहे’ एवढं म्हणण्यापुरता आवाज त्याने मला दिला आहे, आणि रोज सकाळी मी पहिल्यांदा तेच म्हणते.